दोन पॉइंट दोन मिलिमीटर

३ मार्च, सकाळी ८.१०

आजपासून चिडायचं नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा कागदावर लिहून दिला आहे आणि हिने तो कागद आरशावर चिकटवला आहे. दाढी करताना एकच गाल दिसतो. तरीही चिडलो नाही. नवीन वही, नवीन पेन, नवीन मी.

सकाळी ८.२५

चिडलो. कारण रास्त आहे.

इंटरनेटवर एका माणसाने माझा व्हिडिओ चोरला. डोक्याला टोपी, मागे शोभेची कुंडी. शिलाई मशीनचे टाके का सुटतात ते जगाला सांगतो आहे. ते जगाला मी सांगून झालेलं आहे! व्हिडिओ क्रमांक ८८. सुई पार खाली न्यायची, मग २.२ मिलिमीटर वर उचलायची. त्या क्षणी दोरा पकडणाऱ्या शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या मागे आलंच पाहिजे. माझा व्हिडिओ सत्तेचाळीस मिनिटांचा, कारण विषयच तेवढा आहे. याने चार मिनिटांत उरकला. माझा ३११ वेळा पाहिला गेलाय. याचा दोन लाख वेळा.

चोरलं ते चोरलं. पण म्हणतो काय, 'साधारण दोन मिलिमीटर'. साधारण! दोन दशांश मिलिमीटर खाल्ले मेल्याने. टाका बसणं आणि टाका सुटणं यात तेवढंच तर अंतर असतं. या माणसाला मशीनच्या आसपास फिरकू देता कामा नये.

५ मार्च

टोपीवाल्याच्या व्हिडिओखाली कमेंट लिहिली. अकरा मुद्दे, प्रत्येकाला पोटमुद्दे. शेवटी, वाचणाऱ्याला सारांश मिळावा म्हणून, 'चोरट्या, बिनडोक गाढवा' असं लिहिलं.

दुपारी १.४०

व्हिडिओवाल्या कंपनीने कमेंट उडवली. 'अपमानास्पद मजकूर.' वर माझ्या चॅनेलला पहिली ताकीद. तीन ताकिदी झाल्या की चॅनेल कायमचं बंद, आतले व्हिडिओ नष्ट.

माझे १६३ व्हिडिओ आहेत. सहा वर्षांचे. एकाचीही दुसरी प्रत नाही. फोन भरला की मी पुसत आलो. कंपनी एवढी अवाढव्य, तिच्याकडे सुरक्षित राहतील, असं घरात मीच सगळ्यांना ऐकवत होतो.

विचारस्वातंत्र्याचा दिवसाढवळ्या खून आहे हा. लेक म्हणाली, बाबा, कोणाला गाढव म्हणणं म्हणजे विचार नव्हे. मी म्हणालो, कबूल, ते निरीक्षण आहे.

ठरवलं: यापुढे शिवी नाही. फक्त कायदा.

७ मार्च, सकाळी ११.००

कॉपीराइटची तक्रार ठोकली. सोबत चौदा पानं जोडली, मी काढलेल्या आकृत्यांसहित. अर्जाच्या तळाशी एक चौकट होती: 'माझ्या संपूर्ण चॅनेलची तपासणी करण्यास माझी संमती आहे.' लेक म्हणाली, बाबा, ते ऐच्छिक आहे, राहू द्या रिकामं. मी म्हणालो, रिकामं चोर ठेवतात. टिक केली. वर 'कसून तपासावे' असा वेगळा शेरा लिहिला.

आता बसेल टोपीवाला टोपी धरून.

१० मार्च

वाचनालयात गेलो. लोकांसाठी ठेवलेल्या संगणकावर कोणीतरी नागडंउघडं चित्र उघडं टाकून गेला होता, आणि पडदा थेट वाचकांच्या टेबलाकडे! चित्र पाहिलं. गलिच्छ. खात्री करायला पुन्हा पाहिलं. तक्रारीत तपशील चुकू नये म्हणून तिसऱ्यांदा पाहत होतो, तेव्हा ग्रंथपालबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मिस्त्री, झालं असेल तर बंद करू का?

तक्रार लेखी दिली. बाई म्हणाल्या, या विषयावर शनिवारी चर्चाच ठेवलीय, इंटरनेटवर बंधनं असावीत की नसावीत, ज्याला बोलायचं त्याने पाच मिनिटं बोलावं. म्हणजे प्रमुख वक्ता मी.

१४ मार्च, शनिवार

भाषण उत्तम झालं.

पहिली अडीच मिनिटं मी संपूर्ण स्वातंत्र्याच्या बाजूने बोललो: माणसाने जे लिहिलं ते पुसणारी कंपनी कोण लागून गेली? पुढची अडीच मिनिटं कडक बंदीच्या बाजूने: गलिच्छ चित्रं, चोरलेले व्हिडिओ, 'साधारण' म्हणणारी माणसं, सरसकट काढून टाका. दोन्ही बाजू एकट्याने इतक्या ताकदीने मांडणारा दुसरा कोणी सभागृहात नव्हता.

मग माझ्या दुकानाशेजारचा चष्मेवाला उठला. म्हणाला, मिस्त्री, म्हणजे तुमचं ते ठेवायचं आणि बाकीच्यांचं काढायचं, एवढंच ना? मी म्हणालो, अगदी थोडक्यात सांगायचं तर हो. प्रचंड टाळ्या. हशाही होता, पण तो टाळ्यांच्या खाली होता.

बाईंनी घंटा वाजवली. सात मिनिटं झाली होती. माझ्या घड्याळात पाचच.

१७ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. एकेक मुद्दा उतरवून घेतो.

एक: माझी तक्रार फेटाळली. मशीन दुरुस्त करण्याची पद्धत किंवा माप ही कोणाची मालमत्ता नसते म्हणे.

दोन: माझ्या संमतीनुसार माझं चॅनेल कसून तपासलं. १६३ पैकी १४१ व्हिडिओंमध्ये दुसऱ्यांच्या मालकीची गाणी वाजत आहेत. दुसरी ताकीद. ३१ तारखेपर्यंत त्या व्हिडिओंचा आवाज काढून टाका, नाहीतर तिसरी ताकीद आणि चॅनेल बंद. ताकिदी मिटेपर्यंत व्हिडिओ उतरवून घेण्याची सोयही थांबवली आहे.

गाणी? कसली गाणी? मी आयुष्यात गुणगुणलोसुद्धा नाही!

संध्याकाळी ५.१५

रेडिओ. घराला लागून असलेल्या दुकानातला रेडिओ. सकाळी कुलूप काढलं की लावतो, संध्याकाळी शटर ओढताना बंद करतो. गेली सहा वर्षं मी बोलतोय आणि माझ्यामागे तो गातोय.

पण यात माझा काय गुन्हा? गाणं मी लावलं नाही, रेडिओवाल्यांनी लावलं. ते हवेतून आलं. हवेतली गोष्ट कुणाच्या बापाची? असं मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, दहा दिवसांपूर्वी तुम्ही सुई वर उचलण्यावर मालकी सांगत होतात.

हल्ली मुलांना शिकवून चूक झाली असं वाटतं.

१८ मार्च

ही म्हणाली, अहो, सहा वर्षं कानीकपाळी ओरडतेय की बोलताना तो डबा बंद करा. खोटं आहे. ती फक्त 'बंद करा' म्हणायची. मला वाटायचं मला म्हणते आहे.

लेकीने आज कपाटातून मशीनसोबत आलेलं जुनं पुस्तक काढलं. पान ३१. तिथे छापलंय: २.२ मिलिमीटर. शेजारी आकृती. मी काढलेल्या आकृतीसारखीच आहे. जरा जास्तच सारखी आहे. ती पान उघडं ठेवून गेली.

पुस्तकात असेल. पण वाचलं कोणी? माझ्या माहितीतल्या एकाही मिस्त्रीने ते पुस्तक उघडलेलं नाही. मला कोणी गुरू नव्हता, कुठल्या वर्गाला गेलो नाही. पान ३१ मी सात वेळा वाचलं तेव्हा कळलं. सात वेळा वाचलेलं आपलं होत नाही?

हा मुद्दा अपिलात घालायचा.

२१ मार्च

अपील पाठवलं. बावीस पानं. एकोणीस सेकंदांत नामंजूर झालं. एकोणीस सेकंदांत बावीस पानं वाचणारा माणूस मला दाखवाच.

२४ मार्च, दुपारी ३.००

टोपीवाल्याचा नंबर त्याच्याच पानावर सापडला. फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं: नाव, गुन्हा, कलम, शेवटची संधी.

त्याने माझा आवाज पहिल्या वाक्याला ओळखला. म्हणाला, अय्या काका, तुम्ही? मी तुमचेच व्हिडिओ बघून शिकलो. पुरुषाने 'अय्या' म्हणू नये असं माझं मत आहे. पुढे म्हणाला, खाली तुमचं नाव लिहिलंय की. वाचलं नाहीत? मी 'आणखी पाहा' दाबलं नव्हतं. दाबलं. नाव होतं. माझ्या चॅनेलचा पत्ताही होता. आदराने 'माझे गुरू' असंही होतं.

मी त्याला 'साधारण'बद्दल धारेवर धरलं. तो म्हणाला, काका, दोन पॉइंट दोन म्हटलं की लोक घाबरून व्हिडिओ बंद करतात. एकदा दोनला जमलं की पुढचं हाताला आपसूक कळतं. मी म्हणालो, कळत नाही. तो म्हणाला, मला कळलं. मग आम्ही दोऱ्याच्या टेन्शनच्या स्प्रिंगबद्दल चाळीस मिनिटं बोललो. विषय निघाला म्हणून, सलोखा म्हणून नव्हे.

ताकिदीचं सांगितल्यावर मात्र त्याने माझे दोन व्हिडिओ लगेच लावून पाहिले. म्हणाला, गाणं आणि तुमचा आवाज एकात एक मिसळलाय, नुसतं गाणं नाही निघायचं. काका, आवाजावर पाणी सोडा, पण व्हिडिओ घालवू नका.

फोन ठेवून दिला. मला उपदेश करतो!

२६ मार्च

निर्धार: आवाज काढणार नाही. चॅनेल बंद झालं तरी बेहत्तर. माझं बोलणं हाच व्हिडिओ आहे. हात काय, कोणालाही असतात. रेडिओ बंद ठेवून १४१च्या १४१ व्हिडिओ नव्याने करीन. रोज दहा केले तर पंधरा दिवस.

२७ मार्च

एक केला. अर्धा. रेडिओशिवाय दुकानात फक्त मीच ऐकू येत होतो. तेराव्या मिनिटाला चष्मेवाला आला आणि काळजीने विचारू लागला, मिस्त्री, बरं आहे ना? एकटेच बोलताय.

उद्यापासून.

३० मार्च

उद्यापासून जमलं नाही. गिऱ्हाइकांची मशीनं साठली. शिवाय कंपनी शेवटच्या क्षणी घाबरेल असा अंदाज आहे. मी त्यांना तसं कळवलंही आहे.

३१ मार्च, दुपारी ४.००

कंपनी घाबरली नाही.

लेक अर्धी रजा टाकून आली. संगणक उघडून बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही सांगाल तसं. ठेवायचं तत्त्व की व्हिडिओ? हीसुद्धा येऊन बसली. मी म्हणालो, थोडं थोडं ऐकून मग पुसू. १४१ वेळा थोडं थोडं.

व्हिडिओ १२. मी बॉबिनबद्दल बोलतोय, मागे रेडिओ, त्याच्यामागे लांबून हिचा आवाज: अहो, जेवायला चला. आणि मी फोनकडे बघून म्हणतोय, थांब गं, जगाला काहीतरी महत्त्वाचं सांगतोय. लेकीने बोट थांबवलं. ही म्हणाली, पूस की, त्यात काय एवढं. आणि उठून आत गेली. पुसलं.

व्हिडिओ ८८ शेवटपर्यंत ऐकला. सत्तेचाळीस मिनिटं. 

संध्याकाळी ७.५०

१४१ झाले. एकशे एक्केचाळीस वेळा मी ओठ हलवतोय आणि काही ऐकू येत नाही. हुकूमशाही म्हणजे काय, हे मुलांना शाळेत या व्हिडिओंवरून शिकवावं.

२ एप्रिल

चॅनेल वाचलं. आभाराचं पत्र पाठवणार नाही.

११ एप्रिल

काहीतरी बिघाड आहे. व्हिडिओ ८८ एकोणीस हजार वेळा पाहिला गेला. लेक म्हणाली, टोपीवाल्याने त्याच्या लोकांना सांगितलं, माझ्या गुरूंचे हात बघा म्हणून.

कमेंटी वाचल्या. 'आता समजतंय.' 'किती शांत वाटतं.' 'काका, तुमचे हात काय सुंदर चालतात.' कोणा परक्या देशातल्या बाईंनी त्यांच्या भाषेत लिहिलंय. भाषांतर केलं तर निघालं: मला तुमची भाषा येत नाही, पण मशीन दुरुस्त झालं. आणि एकाने लिहिलंय: 'पूर्वी फार बडबड होती, बरं झालं काढलीत.'

बडबड!

या शेवटच्या कमेंटीविरुद्ध 'अपमानास्पद मजकूर' या सदराखाली तक्रार केली. जाहीर ठिकाणी माणसाच्या सहा वर्षांच्या बोलण्याला बडबड म्हणतात आणि कंपनी ढिम्म! कायदा कुठे आहे?

१३ एप्रिल

उत्तर आलं: सदर मजकूर अपमानास्पद आढळला नाही. पाहणाऱ्यांना मत मांडण्याचं स्वातंत्र्य आहे.

स्वातंत्र्य! कोणी काढलं हे खूळ?

१९ एप्रिल

बावीस व्हिडिओंना अजून आवाज आहे. त्या दिवसांत रेडिओ दुरुस्तीसाठी माझ्याच टेबलावर उघडून पडला होता. हे बावीस मी अभिमानाने चॅनेलच्या डोक्यावर लावले. लोकांना कळू दे काय गमावलं.

लोकांनी कळवलं. एक विनंती आली आहे: 'काका, या बावीसांचाही आवाज काढता येईल का?' तिला चारशे बारा लोकांनी दुजोरा दिलाय. नावं एकेक करून तपासली. टोपीवाला नाही. त्याने उलट लिहिलंय: आवाज राहू द्या, गुरू आहेत ते. चष्मेवाला आहे. ग्रंथपालबाई आहेत. पहिलं नाव हिचं आहे.

हिला विचारलं. ती म्हणाली, अहो, ते लोक मशीन शिकताहेत, त्यांना शिकू द्या. बोलायचंच आहे ना, मग मला सांगा, मी ऐकते. मी विचारलं, सत्तेचाळीस मिनिटं? ती म्हणाली, साधारण.

२० एप्रिल, सकाळी ९.३०

बावीसांचा आवाज काढून टाकला. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. सगळे एकसारखे असलेले बरे.