लग्न ठरल्याचे डूल

कुलाश आपा,

लग्न ठरल्याचे डूल माझ्या कानांत घालायला तुम्ही कारागांदीला आलात, तेव्हा डाव्या कानाचं भोक बुजलं होतं. मी म्हटलं, "नको, दुखतंय."

"आमची सून होणार ना? मग सोस," म्हणत तुम्ही चांदीचा आकडा रेटलात. कान पिकला, पाळी कापावी लागली. मग तुमचा निरोप आला, तुटक्या कानाची सून नको.

आता मी कान टोचते. काल तुमची मुलगी तोगझान आली होती. मी विचारलं, "टोचू?"

ती म्हणाली, "आईनं पाठवलंय. पण तिनं ठरवलंय तिथं मला लग्नच करायचं नाही."

मी सुई खाली ठेवली. हे पत्र पाठवलं तर तिचं बिंग फुटेल, म्हणून ते माझ्याकडेच राहील. रविवारी विहीणबाई डूल घेऊन येतील, तेव्हा रुमालाखाली लपवलेले तिचे कोरे कान तुम्हीच बघा.

तुमची न झालेली सून,
बाल्झिया