खिडकीखालचा गुलाब

९ नोव्हेंबर १९८६

हलवला! आईचा गुलाब मागच्या मोरीजवळून मुळासकट काढला अन् तिच्या खोलीच्या खिडकीखाली लावला. आई नागपूरहून आली की खाटेवर पडल्या पडल्या दिसन तिला. मामाकडे राहून उपचार चालू आहेत. बाबा म्हणतात, संक्रांतीपर्यंत घरी येते.

सगळं पुस्तकात पाहून केलं. कॉन्व्हेंटचं होस्टेल सोडताना सिस्टरनं दिलेलं इंग्लिश पुस्तक, चित्रांत एकेक गुलाब बशीएवढा! त्यात स्पष्ट लिहिलंय, कलमाची गाठ, म्हणजे खालच्या खुंटाला वरचा गुलाब जोडतात ती जागा, दोन इंच मातीखाली पाहिजे. मी तीन इंच गाडली. हात ओरबाडले. असू दे!

२३ नोव्हेंबर

पानं पिवळी. पुस्तकात याच्याबद्दल एक ओळ नाही. पाणी वाढवलं.

१४ डिसेंबर

फुटला! बुडातून हिरवागार फुटवा, वीतभर! मी अंगणात नाचली. मीना म्हणते, "ताई येडी झाली." लहान बहिणीचं कोण ऐकते!

बाबा दुपारच्या गाडीनं नागपूरला निघाले, त्यांच्या हाती आईला चिठ्ठी दिली — तुझा गुलाब जोरात आहे, कळ्या येऊन राहिल्या.

कळ्या अजून नाहीत. पण येतीनच ना!

२१ डिसेंबर

बाबा परतले, आईची चिठ्ठी घेऊन. पेन्सिलनं, अक्षर वाकडं. "कळ्या तोडू नको. मले पाहू दे."

बाबांना विचारलं, कशी आहे? "सुधारून राहिली." अन् चहा न पिताच बगीच्यात गेले.

४ जानेवारी १९८७

शालिकरामकाका आले. आमच्या बगीच्यातली संत्र्याची कलमं तेच बांधतात. मी हौसेनं फुटवा दाखवला. ते उकिडवे बसले, पानं मोजली.

"सात-सात पानं. हे जंगली होय पोरी, खालच्या खुंटाचं. याले आईचा गुलाब नाही येत."

बोटानं माती उकरली. गाठ काळी, लिबलिबीत.

"गाठ गाडली काहून? संत्रेवाल्याची पोरगी अन् हे काम! आपल्या इथलं शेंबडं पोट्टंही गाठ वर ठेवते."

म्हटलं, पुस्तकात आहे. बर्फानं मरू नये म्हणून.

"बर्फ? पांढुर्ण्यात? मी त बर्फ कुल्फीवाल्याच्या पेटीतच पाह्यला बापा!" हसले. मग माझं तोंड पाहून झाडाकडे वळले, एकेक काडी नखानं खरवडून पाहिली.

बर्फाची ती ओळ मी वाचली होती. वाचूनही गाडली!

वरच्या एकाच काडीत जीव होता. काकांनी चाकूनं तिचा डोळा, म्हणजे सालीसकट बारीक कोंब, काढला, जंगली फुटव्यावर चिरेत बसवला, पट्टीनं बांधला. "वीस दिवस हात नको लावू."

१४ जानेवारी

संक्रांत. आई नाही आली.

२५ जानेवारी

पट्टी सोडली. डोळा वाळलेला. बोट लागताच गळाला.

काका म्हणाले, "आईले आता नको सांगू. बरी होऊ दे." बाबाही तेच — "खुशीत राहू दे तिले." खुशीत! इथं येऊन खिडकी उघडन तेव्हा?

तीन चिठ्ठ्या फाडल्या. चौथीत लिहून टाकलं — आई, मी खोटं लिहिलं. कळ्या कधीच नव्हत्या. तुझा गुलाब माझ्या हातानं मेला.

बाबांजवळ दिली नाही. स्टेशनजवळच्या पोस्टाच्या डब्यात टाकली. टाकल्यावर वाटलं, हात घालून परत काढावी.

२ फेब्रुवारी

आईचं उत्तर. पाकीट माझ्याच नावानं.

"रजनी, तू खरं लिहिलं, आता माझंही ऐक. पुढच्या आठवड्यात तुझे बाबा मले घरी आणतीन. बरी झाली म्हणून नाही. डॉक्टरनं हात टेकले, मी दाराआडून ऐकलं. तुझ्या बाबाले वाटते, मले काही माहीत नाही. वाटू दे त्यायले."