खरवडायची राहिलेली ओळ

दाँपिएर. इसहाक आणि याकोबाच्या पाठाचा आठवडा, मंगळवार.

एलियाकिम भावजींना बेलासेतचा नमस्कार. तुमच्या घरी शांती असो. इकडे ठीक. द्राक्षं यंदा आंबटच निघाली, माझे गुडघे दुखतात, आणि तुमच्या भावाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

लोकरवाल्या विवाँकडून निरोप मिळाला. तोरा ग्रंथाच्या दर आठवड्याच्या पाठावर यांनी लिहिलेली टीका तुम्हाला विद्यार्थ्यांसाठी उतरवून घ्यायची आहे. फक्त 'ती ओळ' खरवडून पाठवावी. विवाँ हसत म्हणाला, "सख्ख्या भावांचा सात वर्षं अबोला, आणि कशावरून? याकोबानं बापाला वाढलेल्या बकऱ्याच्या कालवणावरून!"

ओळ मला पाठ आहे: 'थोरल्या भावाचा आशीर्वाद मिळवायला याकोब आंधळ्या बापाशी खोटं बोलला.' तुम्ही म्हणालात, आपला पूर्वज खोटं बोलणारच नाही. हे म्हणाले, लिहिलंय ते वाच. तेव्हापासून तुम्ही आमचा उंबरा चढला नाहीत.

वही पाठवते आहे. ओळ तशीच आहे. का, ते सांगायला हवं.

शेवटच्या दुखण्यात यांची नजर गेली. एका सकाळी म्हणाले, "अगं, चाकू घे. ती ओळ खरवड आणि एलियाकिमला कळव."

"ओळ चुकली का?"

"चुकली नाही गं. पण मला भाऊ हवाय."

मी चाकू वहीच्या चामडी पानावर टेकवला. कणीक मळता मळता यांचं वाचणं ऐकून मी अक्षरं शिकले. कुणी न सांगता कळलेली पहिली ओळ तीच. म्हणून हात थांबला, असं वर्षभर स्वतःला सांगत आले. खरं हे, की तुम्हाला जिंकू द्यायचं नव्हतं.

"खरवडलीस?"

"हो."

"निरोप धाडलास?"

"धाडला."

अकरा दिवस दार वाजलं की मान वळवायचे. "एलियाकिम?"

"शेजारीण आहे."

बाराव्या दिवशी म्हणाले, "जाऊ दे. रस्ते खराब असतील." त्याच दुपारी गेले.

तुम्हाला वाटत असेल, भाऊ हट्टातच गेला. तसं नाही. बोलावलं असतं तर तुम्ही आला असतात, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ओळ ठेवायची की खरवडायची, तुम्ही बघा. माझ्याच्यानं होणार नाही. आंधळ्या माणसाशी खोटं कसं बोलतात, ते मला आता टीकेवाचून कळतं.

पण यांच्या वर्षाच्या दिवशी या, भावजी. माझ्याशी बोलू नका हवं तर. थडग्यापाशी उभं राहून तेवढं सांगा, की निरोप तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माझ्या तोंडून त्यांना ते खरं वाटायचं नाही.

अजून म्हणवत असेल तर,
तुमची वहिनी
बेलासेत