देलीनाच्या नावाचं पोतं

क्लिसा,
४ ऑगस्ट १९८६

चि. देलीना,

तुला आणि मुलांना माझे आशीर्वाद. इथे सगळे सुखरूप आहोत. मका यंदा बरा आला, थंडी लांबली, काळी डुकरीण पुन्हा व्याली. रुफिनो तिकडून परवाच्या बसने पोचला. तुझं पत्र त्याने हातात दिलं आणि शालही दिली. शाल चांगली आहे. रंग माझ्या वयाला शोभत नाही, पण ऊब आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल.

आईच्या वर्षाच्या मिस्साला, चर्चमधून आल्यावर, प्यायला मक्याची जी चिचा होईल ती आईने पीठ चावून तुझ्यासाठी ठेवलेल्या मुकोचीच झाली पाहिजे, दुसरी कसलीही तुला चालणार नाही, आणि तसं होणार असेल तरच तू येणार, असं तू लिहितेस. वाचून डोक्यात तिडीक गेली. आईला पुरलं तेव्हा तू आली नाहीस. शिवणाच्या कारखान्याने सोडलं नाही म्हणालीस, ते मी गिळलं. आता सुट्टी मिळतेय तर अटी घालतेस?

देलीना, ते पोतं सात वर्षांचं आहे. चुलीवरच्या फळीवर असतं, तोंड लाल लोकरीने शिवलेलं. तुझ्या पत्रासाठी म्हणून मी ते खाली काढलं आणि वरची शिवण थोडी उसवली. कीड लागू नये म्हणून आईने आत सुक्या मिरच्या घातल्या होत्या. त्यांचाच भुगा झालाय. वरचे तुकडे हिरवे पडलेत. जरा खालचे दिसायला धड आहेत, पण वास बंद पेटीतल्या कपड्यांसारखा येतो.

तरीही मी लगेच नाही म्हटलं नाही, हे लक्षात ठेव. मूठभर तुकडे निवडले, कुटले, कोमट पाण्यात भिजवून चुलीच्या कडेला झाकून ठेवले. ताज्या मुकोचं पाणी बघता बघता गोड होतं, येता-जाता बोट बुडवून चाटावंसं वाटतं. याचं संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. पिठाचं पाणी ते पिठाचंच पाणी राहिलं, वर कडवट. दोन्या कासिमिरा शेजारून आली होती, तिला चाखायला दिलं. तिने अंगणात पिचकारी मारली आणि म्हणाली, "अगं बाई, हे पाजून सगळ्या गावाला तुझ्या आईच्या, सातुर्निनाच्या, मागे धाडायचंय का?"

त्या मुकोतल्या लाळेचा जोर गेलाय. गोडी नाही तर फसफसणार काय, तुझं डोंबल? नव्या मक्याचं पीठ जाईल, लाकूड जाईल, इतक्या दिवसांची उकळणी मातीत जाईल. आणि ते गेलं तर गेलं. मिस्सा झाल्यावर आम्ही दुखवट्याचे काळे कपडे उतरवणार, लोक अंगणात बसणार, पहिला घोट भुईला वाहणार आणि दुसरा तोंडाला लावून नाक मुरडणार. कुणाच्या अंगणात? जिच्या दारावर चिचा तयार झाल्याचं पांढरं निशाण चढलं की लोक पार पुनाता गावाहून चालत यायचे, तिच्या. तिच्या नावाने होणारी ही शेवटची चिचा आहे. ती नासलेली निघाली तर गाव पुढची वीस वर्षं तेवढंच बोलेल.

तू लिहिलं आहेस, "त्यात आईचं तोंड आहे. एकदा तरी माझ्या ओठांना तिचं तोंड लागू दे."

यावर मी काही लिहीत नाही. लिहायला बसले तर बरंच लिहीन.

ताजा मुको करायचं मी ठरवलंय. दोन्या कासिमिरा मदतीला बसणार आहे. गावात आता चावणारं तसंही कुणी उरलं नाही, सगळे मोड आणलेल्या मक्याची करतात, ती सोपी. पण आईच्या मिस्साला मुकोचीच होईल. ब्वेनोस आयरेसमध्ये बियर बाटलीतून येते, त्यामुळे तू विसरली असशील. पीठ चिमटीने तोंडात घ्यायचं, जिभेने घोळायचं, टाळूला लिंपायचं. भिजून घट्ट झालं की अंगठ्याने उपसायचं, टाळूचा ठसा घेऊन तो तुकडा बाहेर येतो, मग तो उन्हात. आणि लगेच दुसरी चिमूट. सबंध दिवस. जेवायच्या वेळेला जबडा उघडत नाही, जीभ सोलवटून निघते. तुला एवढी ओढ असेल तर आधी ये आणि आमच्याबरोबर चावायला बस. नुसतं प्यायला सगळेच येतात.

मुलांना थंडीचं जपा म्हणावं.

तुझी बहीण,
निकोलासा

•

क्लिसा,
३० ऑगस्ट १९८६

देलीना,

आशीर्वाद मनात आहेत, आज कागदावर उतरत नाहीत.

तुझं उत्तर मिळालं. तुझं म्हणणं, मी जळते. आईची चिचा ती आईची आणि माझी म्हणजे आंबट पाणी. दोन्हींची तुलना होईल म्हणून मी घाबरते. पोतं मी कधीच विकून टाकलं असेल, आणि कीड-बुरशी ही सगळी बतावणी. तू शाईने लिहिलंस, खाडाखोडही केली नाहीस. म्हणजे विचार करून लिहिलंस.

वाचून पत्र घडी करून ठेवलं आणि अंगणात जाऊन लाकडं फोडली. दोन्या कासिमिरा म्हणाली, "एवढी लाकडं कशाला? सगळ्या खोऱ्याला शिजवणारेस का?" मी म्हटलं, "गप्प बसायचं असलं की मला हात चालवावे लागतात." ती म्हणाली, "मग नको बसूस गप्प. मेली ना सातुर्निना. आता कुणासाठी गप्प?"

खरं आहे. आता कुणासाठी?

तर ऐक. तू गेलीस त्याच वर्षी थंडीत आई एका सकाळी उठली ती वाकडं तोंड घेऊन. डावी बाजू खाली ओघळलेली. हात महिन्याभरात हलायला लागला, तोंड काही परत आलं नाही. सूप प्यायला बसली की हनुवटीवरून ओघळायचं. पीठ तोंडात घेतलं तर डाव्या कोपऱ्यातून बाहेर. चार दिवस तिने प्रयत्न केला, पाचव्या दिवशी पिठाची टोपली माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "तू चाव." मी टोपली ओढून घेतली. म्हणाली, "आणि देलीनाला कळवायचं नाही. कळलं तर ती येईल, आणि आली की परत जायची नाही. गावात पण बोलायचं नाही. लोक माझ्या तोंडची प्यायला येतात."

तेव्हापासून स्वयंपाकघराचं दार आतून लावून मी चावायची, आणि आई शालीचं टोक गालावर ओढून अंगणात बसायची, वाढायची, शाबासकी घ्यायची. "सातुर्निना, तुझ्या तोंडात काय जादू आहे गं!" ती हसायची, उजव्या बाजूने. मी आत जबडा शेकत बसलेली असायची. आत येऊन एकदाही ती म्हणाली नाही की आज ते तुझं कौतुक करून गेले.

रुफिनो दरवर्षी कार्निव्हलनंतर तुझ्यासाठी डबा भरून न्यायचा. त्यालाही तोंड बंद ठेवायची शपथ घातली होती. तू लिहायचीस, "पहिल्याच घोटाला रडू आलं, आई समोर बसल्यासारखी वाटली." ते पत्र आईला वाचून कोण दाखवायचं? मीच. आणि "माझं तोंड ठणठणीत आहे, तुझ्यासाठी एक पोतं वेगळं भरून ठेवलंय" हे तुला लिहून कोण पाठवायचं? आईला कुठे अक्षरं येत होती? ती सांगायची, मी लिहायची. इतकी वर्षं माझं अक्षर वाचत होतीस आणि माझंच पीत होतीस, आणि माझी चिचा म्हणजे आंबट पाणी!

तुझ्या नावाचं ते पोतं मी चावलंय, देलीना. आईने फक्त शिवलं.

खोटं वाटत असेल तर या पत्राबरोबर एक तुकडा पाठवते आहे. उजेडात धर. आईची टाळू उंच आणि गुळगुळीत होती, तिचे पुढचे दात सरळ. या तुकड्याच्या पुढच्या कडेला बघ, मधोमध एक खोच आहे. तो माझा तुटका दात. मृतांच्या सणाला झोक्यावर मला जोरात कुणी लोटलं होतं, आठवतं? तुला किंचाळून सांगत होते, पुरे, पुरे. तू हसत होतीस.

चावून बघायचं असेल तर चाव. गोड लागणार नाही, सांगून ठेवते.

आता पुढचं. हे लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला.

तुझं पत्र वाचल्यावर मी रागाच्या भरात पोतं फरफटत नेलं आणि डुकरिणीपुढे ओतलं. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे तुझ्या पोत्याचा निकाल डुकरिणीनेही दिला. मी उलटं पोतं झटकत होते तेव्हा तळातून एक चिंधी पडली, गाठ मारलेली. चिंधी आईच्या जुन्या निळ्या घागऱ्याची. आत एकच तुकडा. त्याला कीड नाही, बुरशी नाही. उजव्या बाजूला टाळूच्या वळ्या स्वच्छ उमटलेल्या, आणि डावी बाजू सपाट, बोटांनी दाबून दाबून कशीबशी बसवलेली.

तो आईचा होता. मी आसपास नसताना चोरून बसून तिने तो केला असणार. अर्ध्या तोंडाने, ओघळलेलं पुन्हा पुन्हा आत ढकलत. एक दुपार तरी गेली असेल तिची त्या एवढ्याशा तुकड्याला. तो तिने चिंधीत बांधला आणि पोत्याच्या तळाशी घातला, मग वरून माझे सगळे ओतले आणि तोंड शिवून टाकलं.

तुझ्यासाठी, कळलं? मी तिचं तोंड झाले होते, तिला घास भरवत होते, तिची हनुवटी पुसत होते, आणि तिने तो तुकडा तुझ्यासाठी केला. मी डुकरिणीच्या घाणीत फतकल मारून बसले आणि मोठ्याने रडले. दोन्या कासिमिरा कुंपणावरून म्हणाली, "काय गं, कोण मेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. राग आलाय." आणि खरंच राग होता, दुसरं काही नव्हतं. तुझ्यावर होता, आणि त्या म्हातारीवर तुझ्याहून जास्त होता. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही म्हणून तुझ्याशी भांडते आहे.

कासिमिराला तुकडा दाखवला. तिने हातात घेऊन उलटासुलटा केला, नाकाशी नेला. म्हणाली, "हा चांगला आहे. एकट्याने कढई गोड होणार नाही, आणि बिघडणारही नाही. टाक."

मी म्हटलं, "देलीनाच्या नावाचा आहे."

"मग पाठव तिला."

"ती काय करणार? कपाटात ठेवून रडणार."

"मग तू ठेव."

मला ठेवायचा होता. दोन दिवस तो माझ्या घागऱ्याच्या खिशात होता. पीठ चावताना, भाकरी थापताना वरून हात लावून बघायची. तुला कळवायचंच नाही असंही एकदा ठरवलं. तुला माझा तुटक्या दाताचा तुकडा पाठवावा आणि हा माझ्यापाशी राहू द्यावा, तुला काय कळणार आहे? तेवढी भरपाई माझ्या हक्काचीच.

पण तो जुनाच होता, देलीना. आणखी वर्षभर खिशात राहिला असता तर त्याचाही भुगा झाला असता, आणि मग तो ना तुझा ना माझा.

काल सकाळी आम्ही ताज्या मुकोत गरम पाणी घातलं. पाणी चांगलं गोड झालं, कासिमिराचं बोट कढईतून निघेना. तेव्हा मी आईचा तुकडा तळहातावर कुस्करला आणि आत सोडला. तुला विचारलं नाही. मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं. मग लाकडी पळीने ढवळत राहिले, तो वेगळा ओळखू येईना झाला तोपर्यंत.

तर तुला जे हवं होतं ते त्या कढईत आहे. आता शिजतंय, मग मोठ्या रांजणात जाईल, मिस्सापर्यंत फसफसून तयार होईल. त्यातला कुठला घोट आईचा आणि कुठला माझा हे तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही. गावाने विचारलं तर मी म्हणणार, सातुर्निनाची. तसं आईला कबूल केलंय. तू मात्र तसं म्हणू नकोस, तुझ्या तोंडून मला ते ऐकायचं नाही.

रुफिनोला मी बजावलंय, यंदा डबा न्यायचा नाही. एक थेंब बसमध्ये चढणार नाही. मिस्सा २१ सप्टेंबरला, रविवारी. आपल्या दारावर निशाण असेल. चिचा शिळी होते, वाट बघत नाही, हे तुला आता तरी कळलं असेल.

तुझा भोपळ्याचा कटोरा खिळ्यावरून काढून घासून ठेवलाय. येऊन पी.

तुझी, तुटक्या दाताची,
निकोलासा