शेजारच्या सीटची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी मोटार शिकवण्याच्या शाळेची मालकीण आणि आता नुसतीच आगाऊ म्हातारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी परवा हसत हसत सांगितलं, "कागदपत्रं आवरून ठेवलेली बरी." डॉक्टर हसून बोलायला लागले की मनावर घ्यावं. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी तसा कागद पुढे आणला तर तो खोटा समजावा.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना सारखं. मध्ये भिंत घालू नये. बँकेतली ठेव मुलीला, कारण मुलाला नवी गाडी घेताना त्याचा वाटा देऊन झाला आहे. ती गाडी बॅटरीची आहे. बॅटरीच्या गाड्यांवर माझा राग नाही, हे लेखी देते. धूर नाही, आवाज नाही, बिचारी गुमान पळते. पण साधी काच खाली करायची तर पडद्यावर बोटं फिरवत बसा, आणि चाक जरा रेषेवर गेलं की ती माझ्यावरच ओरडणार! मी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. या वयात गाडीने मला शिकवलेलं खपत नाही.

२. पाने, जॅक, हवा भरायचा पंप आणि कार्ब्युरेटर साफ करायचे ब्रश गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रीला. माझा दहा-अकराचा पाना त्याच्याकडेच आहे. "उद्या आणून देतो, बाई," हे त्याचं वाक्य ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. तो पानाही त्याला दिला असं समजावं, म्हणजे बिचारा सुटेल.

३. मोटार शर्यतींचे चषक मुलीला. त्यातला कान तुटलेला मोठा चषक मात्र क्लबच्या अध्यक्षांना परत करावा. त्या वर्षी सगळ्या गाड्यांत आमची गाडी दुसरी आली होती. तरी दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस तिसऱ्याला दिलं आणि आम्हाला 'महिला गट' असं कोरलेला चषक देऊन घरी पाठवलं. त्या गटात आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. कान त्याच संध्याकाळी तुटला. कसा, ते विचारू नये.

हल्लीच्या शर्यती मी टीव्हीवर बघते. गाडी सुंदर, चालवणारी पोरंही गुणी. पण कानात कुणीतरी सतत सांगत असतं, टायर जप, इंधन वाचव, जरा हळू घे. शर्यतीत हळू! आमच्या वेळी कानात बोलणारं माणूस शेजारी बसायचं, आणि गाडी उलटली तर तेही उलटायचं. म्हणून ते जपून बोलायचं.

४. पेट्रोलच्या दराबद्दल मृत्युपत्रात लिहू नये असं वकीलबाईंचं म्हणणं. मृत्युपत्र माझं आहे. दर वाढला की सगळे सरकारला शिव्या घालतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेड आणायला गाडी काढतात. आम्ही आठवडाभर चालत फिरायचो, बाजाराच्या पिशव्या हातात वाहायचो आणि वाचलेलं पेट्रोल रविवारी घाटात जाळायचो. ती चैन होती आणि आम्ही ती मन लावून केली. पंपावर टाकी भरताना येणारा तो वास मला अजून आवडतो. आवडतो तर आवडतो, लपवायचं काय?

५. आता गाडी. क्रीम रंगाची, दोन दारांची, चोक ओढल्याशिवाय थंडीत जागी न होणारी. मुलाला तिचं इंजिन काढून आत बॅटरी बसवायची आहे. मुलगी म्हणते, एखाद्या हॉटेलवाल्याला दिली तर तो दारात शोभेला ठेवील. दोघांचं प्रेम मला समजतं. दोघांनाही गाडी मिळणार नाही.

ही गाडी माझ्या धाकट्या नणंदेला द्यावी. माझ्या यजमानांना वळणावर मळमळायचं, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी शेजारच्या सीटवर ती येऊन बसली. आदल्या दिवशी आम्ही रस्ता हळू फिरून घ्यायचो आणि ती प्रत्येक वळण वहीत टिपून ठेवायची. शर्यतीत ती वाचायची, मी वळायचे. "डावं, आवळत जातंय, वहिनी, दम धर!" पुढचं धुळीत काहीही दिसत नसताना मी तिच्या आवाजावर गाडी घातली आहे. एवढा विश्वास मी नवऱ्यावरही ठेवला नाही. यजमान शेवटच्या रेषेपाशी थर्मास घेऊन उभे असायचे, आधी बहिणीला चहा विचारायचे आणि मग मला. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एका शर्यतीत गारठा होता म्हणून तिने हातमोजे घातले आणि दोन पानं एकदम उलटली. तिने सांगितलं डावं, रस्ता होता उजवा. आम्ही शेतात. दोघींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण ती उतरली ती उतरलीच. त्यानंतर माझ्याकडे बसने येते, जेवते, हसते, बसने जाते. गाडीचं नाव काढलं की, "नको गं, माझ्यामुळे मेली असतीस." मी हजारदा सांगितलं, मेले नाही ना! माझा राग चुकलेल्या वळणाचा कधीच नव्हता. शेजारची सीट इतकी वर्षं रिकामी ठेवली, त्याचा आहे, आणि तो मी इथे नोंदवते. माझ्या जिवंतपणी ती बसली नाही, निदान माझ्यामागे तरी गाडीत बसावी, एवढीच इच्छा.

इथवर लिहून झाल्यावर वकीलबाई आणि डॉक्टर आले. नणंदबाईंनाही बोलावलं होतं. वकीलबाईंनी सगळं मोठ्याने वाचलं. पाचवं कलम संपलं तशी नणंदबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "साक्षीदाराची सही कुठे करायची?"

"तुम्ही नाही करायची," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर गाडी जाईल."

नणंदेने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सही ठोकली.

"अगं वेडे, काय केलंस हे!" मी ओरडले.

"तू गेल्यावर मी वळणं सांगू कुणाला? मला गाडी चालवता येते का?" तिने पेन टेबलावर आपटलं. "बसायचं तर आत्ता बसते. ऊठ. आणि हातमोजे नाही घालणार."

डॉक्टर म्हणाले, "हळू चालवा." त्यांच्याकडे आम्ही दोघींनी लक्ष दिलं नाही. वकीलबाई डोक्याला हात लावून म्हणतात, कलम नव्याने लिहा. लिहिते.

५ (सुधारून). वरील पाचवं कलम रद्द. गाडी कुणाला द्यायची हे ठरलेलं नाही आणि ठरवण्याची घाई नाही. सदर गाडी सध्या वापरात आहे.

लिहून ठेवणार : वहिनी (सही)
साक्षीदार : १. धाकटी नणंद (सही) २. हृदयाचे डॉक्टर (सही)
ठिकाण : राहतं घर
तारीख : वकीलबाई घालतील, आम्ही निघालो