दाणे अख्खेच घाल

हर्षला,

तू झोपलेली, म्हणून उठवलं नाय. मी पहिल्या एसटीनं कळंबला मोरू व्यापाऱ्याकडं जाते, चांदी गाईचा सौदा मोडायला. त्याचा टेंपो माझ्याआधी दारात आला तर गाय सोडू नको. सासूनं सांगितलंय म्हण.

दूध वाढलं नाय त्यात गाईची चूक नाय, आणि विपुलनं आणलेले दाणे नकली नायत. उगाच भांडलीस नवऱ्याशी. चूक माझी हाय. कोंड्यात नि पेंडीत दुधाला लागणारं अमिनो ॲसिड कमी पडतं म्हणून तू त्याचे दाणे मापून ठेवायचीस, आणि मी ते खलबत्त्यात कुटून आंबोणात कालवायची. चांदी आता वयाची झाली, तिला कडक दाणे पचायचे नायत असं वाटलं गं. काल डेअरीत डॉक्टर सांगत होते, दाण्यावरचं कवच फुटलं की सगळं पहिल्या पोटातच वाया जातं, अख्खा दाणा पुढं गेला तरच अंगी लागतो. घरी आले, पण तुला सांगायला जीभ रेटली नाय.

आजपासून दाणे अख्खेच घाल. विपुलला फोन कर, आधी तूच.

आणि एक. तुझ्या सासऱ्यांना शेवटी गिळता यायचं नाय, तेव्हा त्यांच्या गोळ्या मी याच खलबत्त्यात कुटून द्यायची. त्यांचे दवाखान्याचे कागद कपाटात वरच्या खणात हायत. तुला इंग्रजी वाचता येतं. त्या गोळ्या कुटायच्या होत्या का, ते बघ. जे असेल ते मला खरं सांग. विपुलला नको.

आई