टप उघडून पूर्णगडला

१४ जानेवारी
गाडी आली. जर्मन, निळी. कापडी टप, बटण दाबलं की उघडतो. चौदा वर्षं जुनी, पण मुंबईचा विक्रेता म्हणाला की एका डॉक्टरांनी फक्त रविवारी वापरली. साडेनऊ लाख. नवी घेतली असती तर ऐंशी. म्हणजे सत्तर लाख वाचले. छत्तीस वर्षं शाळेत मुलांना काटकसर शिकवली, ती विसरलेली नाही.

शिवाय गाडी माझ्यासाठी नाहीच. सगुणासाठी आहे. कॉलेजात असताना आम्ही दोघी मांडवीला समुद्रकाठच्या बांधावर बसलो होतो, समोरून एक उघडी मोटार गेली. तेव्हा तिला शब्द दिला होता, तुला अशा गाडीतून पूर्णगडला नेईन. आता ती शिमगा झाला की घर बंद करून सुरतेला, गौरवकडे, कायमची जाणार. बारा मार्चचं तिकीट आहे. तिच्या मुलानेच काढलं.

सगुणा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, अगो मथुरे, ह्याला डोक्यावर काय नाय, ऊन लागंल ना गो. तिला मोटार आठवत नाही. त्या दिवशी मी भेळेचे पैसे दिले नव्हते, ते आठवतं.

रविवारी जाऊ.

१८ जानेवारी, सकाळी ६
बटण दाबलं. टप निम्मा वर गेला आणि थांबला. खाली येईना, मागे जाईना. मगर जांभई देताना दिसते तसं काहीतरी.

सकाळी ७
सगुणाला कळवलं की डोळे आलेत. खोटं बोलणं मला पसंत नाही, म्हणून दिवसभर काळा चष्मा लावून बसले.

२४ जानेवारी
गुरुप्रसादच्या गॅरेजला, एमआयडीसीत, नेली. निम्मा टप दोरीने बांधून. साडेपाच किलोमीटरवर बॉनेटमधून वाफ. पुढचं अंतर टोचनवर. परत येतानाही टोचनवर. मुद्दाम दुपारी दोनची वेळ निवडली. तेव्हा वाडी जेवून झोपलेली असते. कोणी पाहिलं नाही.

गुरुप्रसाद माझा विद्यार्थी. आठवीत त्याला महिनाभर वर्गाबाहेर उभा केला होता. आता पंचेचाळिशीचा आहे, तरी माझ्याशी बोलताना हात मागे बांधतो. म्हणाला, बाई, पंप गेला. मी म्हटलं, गेला म्हणजे काय, पूर्ण वाक्यात सांग. त्याने सांगितलं. टप उचलणारा पंप डिकीच्या तळाशी असतो. टपावरचं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्या नळ्या आंब्याच्या मोहोराने बुजल्या. पाणी डिकीत साचलं. पंप बुडाला.

मग खाली बघत विचारलं, बाई, पाऊस तर नाय, पाणी आलं कुठनं?

मी गाडी रोज सकाळी पायपाने धुते. कलमाखाली उभी असते, मोहोराचा चिकटा पडतो, तो धुवायलाच हवा. स्वच्छता ही सवय आहे, असं मीच फळ्यावर लिहीत असे. पंपाची किंमत विचारली.

नवा पंप एक लाख साठ हजार. दुरुस्त केलेला जुना, मुंबईहून, अठ्ठावन्न. वाफेचं कारण पाण्याचा फुटलेला होस पाइप, चौदा. बॅटरीही बसली आहे, अठरा. जुना पंप मागवला. ही काटकसरच.

सगुणाला सांगितलं, आरटीओचं काम आहे.

२ फेब्रुवारी
ताडपत्री घातली. टप निम्मा वर असल्यामुळे मधोमध टोक येतं. वाडीतल्या मुलांनी विचारलं, बाई, मांडव कशाचा? अभ्यास करा म्हटलं.

ठराव: यापुढे गाडी कोरड्या फडक्यानेच पुसायची.

१४ फेब्रुवारी
शाळेत प्रमुख पाहुणी. विषय 'गरज आणि हौस'. पस्तीस मिनिटं बोलले. टाळ्या बऱ्या होत्या. स्कूटरवर गेले, स्कूटरवर आले. आभार मानताना नवीन मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाईंची साधी राहणी बघा, अजून स्कूटर. मान खाली घातली. नम्रता वाटली असेल.

२० फेब्रुवारी
पंप आला. दुसऱ्याच मॉडेलचा. परत पाठवला.

उजव्या दाराची काच आपोआप खाली गेली आणि दारातच राहिली. गुरुप्रसाद फोनवर म्हणाला, ह्या गाड्यांत तसं होतं, बाई. या वयाच्या सगळ्यांत होतं. गाडीच्या वयाबद्दल बोलत होता असं धरून चालले.

सगुणा आली होती. म्हणाली, नायतर स्कूटरवरनं जाऊया गो, तासाभराचं तर काम. मी म्हटलं, शब्द उघड्या गाडीचा आहे. ती ताडपत्रीकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं बाय. चहा घेतला नाही.

१ मार्च
अकरा दिवस उरले. वेळ भरपूर आहे.

७ मार्च, रात्री
आज पालखी घरी आली. जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं शांत होईल.

पालखी अंगणात नाचवायला जागा हवी. अंगणाच्या मधोमध गाडी. आठ जण ढकलायला लागले. बॅटरी बसल्यामुळे गिअर अडकलेला, चाक हलेना. ताडपत्री सरकली. निम्मा टप सगळ्यांसमोर. ढोल थांबला. शेवटी पालखी गेटबाहेर रस्त्यावर नाचवली. चाळीस वर्षांत माझ्या दारात देव बाहेर नाचला नव्हता. मग नारळ ठेवला आणि भिकाजी मानकरी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. दरवर्षी माझ्याकडून एकच असतं: सर्वांना सद्बुद्धी. पण या वर्षी ओटी भरताना सगुणाने त्याच्या कानात काही सांगितलं.

भिकाजीचा आवाज पार खाडीपर्यंत जातो.

बा देवा म्हाराजा! व्हय म्हाराजा! ही तुझी लेक शेट्येबाय, हिनं गाडी घेतलीन, तिच्या टपाचा पंप बुडालाय. व्हय म्हाराजा! काच दारात पडलीय, बॅटरी बसलीय, दोनदा टोचन लागलाय. व्हय म्हाराजा! ती कुनाला सांगत नाय, लाजते, पन आमाला सगळ्यांना ठावं हाय. व्हय म्हाराजा! तर म्हाराजा, हिची लाज राख, आनि सगुणा बारा तारखेला जातेय, तिला मैतरणीबरोबर एकदा पूर्णगड घडव रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा! अख्खी वाडी. सत्तर माणसं. सवयीने मीही ओरडले.

गुरुप्रसाद ढोलाच्या मागे लपला होता.

सगळे गेल्यावर सगुणाला विचारलं, हे काय होतं? म्हणाली, तू माझ्याशी बोलतेस कुठं. म्हणून म्हटलं, देवाशी तरी बोलूया.

८ मार्च
कोणीही गाडीबद्दल चकार शब्द काढत नाही. हे जास्त वाईट. दुधवाल्याने जाताना फक्त ताडपत्री नीट केली.

९ मार्च, सकाळी ८
सगुणा दारात. डोक्यावर गौरवचं जुनं हेल्मेट, हातात डबा. म्हणाली, चल, स्कूटर काढ. घावणे केलेत. किल्ल्यावर बसून खाऊ.

मी तयार होते. चपला घातल्या होत्या. तेवढ्यात गुरुप्रसादचा फोन: योग्य पंप कोल्हापुरात मिळाला, अकरा तारखेला बसतो. आता सगळ्या वाडीसमोर झालं आहे. सगळ्या वाडीसमोर गाडी बाहेर निघाली पाहिजे. तिला म्हटलं, दोनच दिवस. अकराला संध्याकाळी, टप उघडून.

तिने हेल्मेट काढलं. केस विस्कटले होते. डबा ओट्यावर ठेवून गेली.

घावणे चांगले होते.

११ मार्च
पंप बसला नाही. त्याची वायर वेगळी.

१२ मार्च
रिक्षावाला आला नाही. सगुणाला स्टेशनवर मीच नेलं, पुढे बॅग, मागे ती. स्कूटर एका बटणावर चालू झाली. वाटेत तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ही बरी चालतेय की गो. हसत होती. मीही हसले असावे. हेल्मेटमुळे तिला दिसलं नसणार.

गाडी वेळेवर आली. म्हणजे रेल्वेची.

१६ मार्च
वायर बदलली, बॅटरी बदलली, पंप बसला. टप उघडला! पूर्ण. गुरुप्रसादने पैसे खिशात घातल्यावर परत हात मागे बांधले.

सकाळी ११
टप मिटत नाही.

विकण्याची जाहिरात लिहायला बसले. 'निवृत्त मुख्याध्यापिकेने मोजकीच वापरलेली, उत्तम स्थितीत.' उत्तम खोडलं. स्थितीत राहिलं. माझ्याकडे आल्यापासून एकोणीस किलोमीटर. त्यातले साडेतेरा टोचनवर.

१७ मार्च
सगुणाचा फोन. सुरतेला उकाडा आहे, गौरवचं घर सहाव्या मजल्यावर आहे. विचारलं, टप झाला गो? म्हटलं, झाला. म्हणाली, बरं झालं, देवानं ऐकलंन.

दुपारी स्कूटर काढली. एकटीच. फक्त अंतर मोजायला, दुसरं काही नाही. पावस गावावरून पूर्णगड: पन्नास मिनिटं. वाटेत कुठेही बंद पडली नाही.